पन्नास सह्या आणि एक वांगं

आमच्या धंद्यात कोड लिहायच्या आधी रिक्वायरमेंट गोळा करतात. म्हणजे जो वापरणार त्यालाच विचारायचं, बाबा रे, तुला नक्की काय हवंय? देशाचं विज्ञान धोरण ठरवताना असं कुणी विचारतं का?

विचारायची रीत पुण्याला नवी नाही. आमच्या सदाशिव पेठेतून चालत जाता येईल अशी ती पर्वती. तिथल्या देवस्थानाच्या कारभाराबद्दल लोकांच्या तक्रारी होत्या, आणि त्यातूनच २ एप्रिल १८७० ला सार्वजनिक सभा उभी राहिली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे 'सार्वजनिक काका', तिचे प्राण. सभासद व्हायचं तर किमान ५० माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. सुरुवातीच्या ९५ सभासदांमागे सहा हजारांवर माणसं होती. 'जनतेचं म्हणणं आहे' असं मोघम बोलायची सोयच नाही. कोणाचं म्हणणं, ते कागदावर!

विज्ञानाच्या बाबतीत याच्या जवळ जाणारा प्रयोग झाला तो चक्क वांग्यावर. जालन्याच्या महिको कंपनीनं अळीला दाद न देणारं बीटी वांगं तयार केलं. ऑक्टोबर २००९ मध्ये सरकारी समितीनं त्याला हिरवा कंदील दाखवला. पण तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश थांबले आणि त्यांनी सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या. त्यातलं एक नागपूर. विदर्भातल्या शेतकऱ्याला बीटी कापसाचा अनुभव होता, त्याला विचारणं भागच होतं. शेतकरी, शास्त्रज्ञ, ग्राहक, बियाणं कंपन्या.. सगळीकडचे मिळून सुमारे आठ हजार लोक आले. ९ फेब्रुवारी २०१० ला मंत्र्यांनी बीटी वांग्याला स्थगिती दिली.

निर्णय बरोबर की चूक यावर भांडण आहेच. बांगलादेशनं २०१३ मध्ये बीटी वांग्याला परवानगी देऊन टाकली. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. मंत्र्यांनी निर्णयाबरोबर कारणंही लेखी दिली. ज्यांना निर्णय पटला नाही, त्यांना निदान कशाशी भांडायचं ते तरी कळलं.

डिसेंबर २०२० च्या शेवटी केंद्रानं पाचव्या विज्ञान, तंत्रज्ञान आणि नवोपक्रम धोरणाचा मसुदा लोकांपुढे ठेवला. सूचनांसाठी मुदत जेमतेम महिनाभर. मागवल्या हे चांगलंच झालं. पण सूचना मागवणं सोपं, पोच देणं अवघड. कोणी नोंदवलेला बग कारण न लिहिता बंद करून टाकला, तर तो माणूस पुढच्या वेळी कशाला नोंदवेल?