डेम्लो संख्या

पूर्ण संख्यांचा एक प्रकार. या संख्येच्या डावीकडील व उजवीकडील भागांची बेरीज केली असता, तिच्या मधल्या भागात असलेलाच अंक मिळतो किंवा त्याचीच आवृत्ती मिळते. उदा., २५५३ या संख्येत टोकांच्या २ व ३ या अंकांची बेरीज ५ असून मधले दोन्ही अंक ५ आहेत. या संख्यांचा अभ्यास दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–८६) यांनी केला. मुंबईजवळच्या डेम्लो (आताचे डोंबिवली) या रेल्वे स्थानकावर त्यांना ही कल्पना सुचली, म्हणून त्यांनी संख्यांना त्याच स्थानकाचे नाव दिले.

कापरेकरांचा जन्म डहाणू येथे झाला. १९२९ मध्ये पदवी घेतल्यावर १९३० ते १९६२ या काळात ते देवळाली येथे शाळेत शिक्षक होते. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. १९३८ मध्ये त्यांचा डेम्लो संख्यांवरील लेख प्रसिद्ध झाला. ११, १११, ११११ इत्यादींचे वर्ग अनुक्रमे १२१, १२३२१, १२३४३२१ असे येतात. नऊ एकांच्या संख्येचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ हा सतरा अंकी आहे. त्याच्या दोन बाजूंच्या १२३४५६७८ व ८७६५४३२१ या भागांची बेरीज ९९९९९९९९ होते व मधला अंकही ९ च आहे. सर्व अंकांची बेरीज ८१ असून तिने या संख्येस निःशेष भाग जातो. अशा संख्यांना कापरेकरांनी ‘हर्षद’ हे नाव दिले आहे.

या रचनेचे कारण गुणाकाराच्या मांडणीत आहे. गुणाकारात एकांच्या ओळी एकेक घर सरकत खाली येतात. त्यामुळे स्तंभांतील बेरजा १ पासून ९ पर्यंत चढतात व पुन्हा उतरतात. दहा एकांच्या वर्गात मधल्या स्तंभाची बेरीज १० होऊन हातचा येतो व १२३४५६७९००९८७६५४३२१ ही संख्या मिळते. तीत चढउतार मोडतो.

असे गुणधर्म दशमान लेखनावर अवलंबून असल्याने अनेक भारतीय गणितज्ञांनी कापरेकरांचे कार्य क्षुल्लक मानले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील सायंटिफिक अमेरिकन या मासिकात त्याविषयी लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर पोहोचले. आक्षेप मात्र अंशतःच खरा आहे. अष्टमान पद्धतीत सात एकांच्या संख्येचा वर्ग १२३४५६७६५४३२१ असाच लिहिला जातो. आठव्या एकाला तेथे हातचा येतो. म्हणजे चढउतार कोठे थांबावा, एवढेच लेखनपद्धती ठरविते. त्यामागील नियम कोणत्याही पद्धतीत तोच राहतो.