‘पूर्वापार’ म्हणजे कधीपासून? चवदार तळ्याच्या दाव्याची नऊ वर्षे

गेल्या वर्षी संविधान दिनी पेणमधल्या एका शाळेत बोलायला गेलो होतो. नववी-दहावीची मुले होती. महाडचे नाव काढताच पाच-सहा जणांनी एकदम ‘२० मार्च १९२७’ अशी तारीख सांगितली. मग मी विचारले, ‘आणि १७ मार्च १९३७ला काय झाले?’ वर्ग गप्प. शिक्षकही गप्प. त्यात त्यांचा दोष नाही. चाळिशी उलटेपर्यंत ही तारीख मलाही ठाऊक नव्हती.

त्या दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने चवदार तळ्याच्या दाव्याचा शेवटचा निकाल दिला. बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्याला दहा वर्षे पुरी व्हायला तीन दिवस कमी होते. आपण ओंजळीचे स्मारक केले, ते योग्यच झाले. पण त्या ओंजळीचा हक्क कोर्टात कसा तपासला गेला ही गोष्ट आपल्या जिल्ह्यातच फारशी सांगितली जात नाही. मी वकील नाही. रोह्यात छपाईच्या धंद्यात उमर गेली, आणि ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’चा ३९वा खंड हाती आला तेव्हा शब्दकोश शेजारी ठेवून तो निकाल वाचला. आधी एकदा, मग पुन्हा. वाचकांपुढे ठेवतो आहे ते त्या वाचनातून सुचलेले.

आधीचा धागा थोडक्यात. रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचे धोरण ठरले. सुरेंद्रनाथ टिपणीस अध्यक्ष असलेल्या महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केल्याचा ठराव केला. तो कागदावर राहिला. मार्च १९२७च्या परिषदेनंतर लोक प्रत्यक्ष तळ्यावर गेले, परतताना त्यांच्यावर हल्ले झाले, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ही झाले. जूनमध्ये हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. आणि ४ ऑगस्ट १९२७ला, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. ही तारीख योगायोगाने जुळली असेल; मला ती बोचते.

बाबासाहेबांनी डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह जाहीर केला. तेव्हा विरोधकांनी लाठी बाजूला ठेवून कोर्ट गाठले. १२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा दाखल झाला आणि १४ तारखेला तात्पुरता मनाई हुकूमही मिळाला. बाबासाहेब पद्मावती बोटीने दासगावला उतरून महाडला पोहोचले तेव्हा हजारो लोक तयारीने जमले होते. २५ तारखेला मनुस्मृतीचे दहन झाले. मंडपासाठी गावात कोणी जागा देईना. ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली होती. जमलेल्या लोकांना तळ्यावर जायचे होते. तुरुंगाची भीती कोणाला नव्हती.

तरी २७ डिसेंबरला सत्याग्रह स्थगित झाला. मिरवणूक तळ्याभोवती फिरली, पाण्याला कोणी हात लावला नाही.

या माघारीबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. काहींना तो कमकुवतपणा वाटतो. मला वाटते, त्या दिवशी बाबासाहेबांनी फार महागाचा सौदा केला आणि तो जाणून केला. जे कोर्ट आपल्या बाजूने बोलेल याची खात्री नाही, त्याच्या हुकमाचा मान ठेवायचा, आणि त्याच वेळी मनुस्मृती जाळून, अन्यायाला धर्म म्हणणारा कायदा आपण मानत नाही हेही सांगायचे. दोन्ही गोष्टी एकाच मंडपात झाल्या. पुढे २३ फेब्रुवारी १९२८ला तो मनाई हुकूम उठला, पण मूळ दावा चालूच राहिला.

दाव्यात वादींचे म्हणणे काय होते? आधी त्यांनी मालकी सांगितली. ती टिकली नाही. तळे नगरपालिकेच्या ताब्यात होते हे उघड होते. मग उरली वहिवाट. स्पृश्य हिंदू पूर्वापार हे पाणी वापरतात आणि अस्पृश्य कधीच वापरत नव्हते, म्हणून त्यांना मज्जाव करण्याचा आम्हाला हक्क आहे.

यातला दुसरा भाग खरा होता. १९२७पूर्वी अस्पृश्य तिथे पाणी भरत नव्हते. अन्याय इतका पक्का होता की तोच पुरावा म्हणून पुढे आला! महाडच्या न्यायाधीशांनी जून १९३१मध्ये दावा फेटाळला. सार्वजनिक तळे एका वर्गाने वापरले आणि दुसऱ्याने वापरले नाही, एवढ्यावरून पहिल्याला हक्क मिळत नाही आणि दुसऱ्याचा जात नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. तालुक्याच्या गावी, त्या काळच्या महाडमध्ये बसून हे लिहिणाऱ्या न्यायाधीशाला संध्याकाळी त्याच गावातून घरी जायचे होते, हे विसरू नये. अपील ठाण्याला गेले. जानेवारी १९३३मध्ये तेही फेटाळले गेले. मग उच्च न्यायालय.

तिथे खंडपीठावर होते न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया. ब्रूमफील्ड म्हणजे १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा देणारे तेच न्यायाधीश. निकाल त्यांनीच लिहिला. त्यात समतेवर प्रवचन नाही. त्यांचा प्रश्न एखाद्या जुन्या तलाठ्याला शोभावा असा साधा आहे: पूर्वापार म्हणजे कधीपासून? रूढीला कायद्याचे बळ हवे तर ती स्मरणातीत काळापासूनची असावी लागते. देवळाची गोष्ट निराळी. पण नैसर्गिक पाण्याच्या तळ्याभोवती स्पृश्यांची घरे उभी राहण्याआधी, कोणाला तिथून हाकलण्याची खटपट कोणी केली असेल का? तसे सिद्ध झालेले नाही. अपील फेटाळले.

शेवटी एक वाक्य आहे आणि त्याच्यापाशी मी बराच अडखळलो. आशय असा: रूढी सिद्ध झाली असती, तर ती अवाजवी किंवा सार्वजनिक हिताविरुद्ध आहे का, याचा विचार कदाचित करावा लागला असता. कदाचित! म्हणजे तळ्याकाठची घरे जुनी असल्याचा बळकट पुरावा वादींनी आणला असता तर? देवळांच्या बाबतीत तसे घडलेही होते. तमिळ मुलखातल्या कमुदीच्या देवळात नाडर समाजाला प्रवेश नाही, असा निकाल प्रिव्ही कौन्सिलने १९०८ साली रूढीच्याच आधारे दिला होता. महाडचे न्यायाधीश भले होते असे म्हणून आपण सुटत नाही. त्यांच्या हातातला कायदाच तेवढा होता.

म्हणून राज्यघटनेची तीन कलमे मी महाडच्या दाव्याशेजारी ठेवून वाचतो. तेराव्या कलमात ‘कायदा’ या शब्दात रूढी आणि वहिवाटही धरली आहे. मूलभूत हक्कांशी विसंगत असेल तर ती कितीही जुनी असो, रद्द. सतरावे कलम अस्पृश्यता नष्ट करते. आणि पंधराव्याच्या दुसऱ्या पोटकलमात विहिरी, तलाव, स्नानाचे घाट अशी चक्क यादी आहे. पहिले पोटकलम राज्यसंस्थेला बांधते, दुसरे शेजाऱ्यालाही. महाडच्या दाव्यात प्रतिवादींसमोर सरकार नव्हते. गावातलीच माणसे उभी होती. मसुदा समितीच्या अध्यक्षांना ते कोणी सांगण्याची गरज नव्हती, दाव्यातले पहिले प्रतिवादी तेच होते.

निकाल लागला तेव्हा मात्र येवल्याची घोषणा होऊन दीड वर्ष झाले होते. पाण्याचा हक्क मिळाला, पण ज्या धर्माच्या नावाने तो नाकारला होता तो सोडायचे तोवर ठरून गेले होते. न्याय उशिरा पोहोचला की असेही होते.

आता घरचे. कुंडलिकेच्या काठी आमच्या गावात दोन विहिरी होत्या, एक आमची, एक ‘त्यांची’. ‘आमची’वर दुसऱ्यांनी यायचे नाही. लहानपणी मी आजीला कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘पूर्वापार तसंच आहे बाबा.’ ती दुष्ट नव्हती. दारातून कोणाला उपाशी पाठवत नसे. नळ आले, विहिरी ओस पडल्या. हा निकाल वाचल्यानंतरच्या उन्हाळ्यात मी गावी जाऊन आमच्या विहिरीच्या कठड्यावरचे शेवाळ खरवडले. आत दगडावर अक्षरे होती: ‘लोकल बोर्ड, सन १९३४’.

विहीर सार्वजनिक पैशाने बांधलेली होती. आणि आजी लग्न होऊन गावात आली ती १९२८ साली.