खासदारकी सोडणारे महाराज

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा-कुरखेड्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी 'महाराज' आलं, की समजावं, विषय लालश्याम शाह यांचा आहे. पानाबरसचे गोंड जमीनदार आणि 1962 साली चांदा (आजचं चंद्रपूर) मतदारसंघातून अपक्ष निवडून आलेले खासदार. माझी शिक्षकी याच भागात झाली. मुलांना देशाचे पुढारी शिकवले, जिल्ह्याचे मंत्री शिकवले, पण हे नाव कुठल्याच धड्यात नव्हतं. म्हणून हा लेख.

पानाबरस आज छत्तीसगडात आहे. मुरूमगाव सोडून सीमा ओलांडली की मानपूर, पुढे मोहला. ही सीमा कागदावर ठळक आहे, रानात ती कुणी मानत नाही. इकडच्या मुली तिकडे दिलेल्या, तिकडचे पाहुणे इकडच्या मंडईला आलेले. पानाबरसची जमीनदारी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चांदा जिल्ह्यातच मोडायची. दुर्ग जिल्हा नवा निघाला तेव्हा ती तिकडे गेली. मध्य प्रदेश विधानसभेत चौकी मतदारसंघाचं प्रतिनिधित्व केलेला माणूस चांद्यातून लोकसभेला उभा राहिला, त्यामागे हे जुनं नातं होतं.

ते वर्ष आठवा. महाराष्ट्र राज्य होऊन दोनच वर्षं झाली होती. लोकसभेच्या राज्यातल्या 44 जागांपैकी 41 काँग्रेसने जिंकल्या. याच चांदा जिल्ह्याचे मारोतराव कन्नमवार त्याच वर्षी नोव्हेंबरात मुख्यमंत्री झाले. अशा लाटेत चांद्याने ना काँग्रेसची बैलजोडी निवडली, ना दुसरा कुठला मोठा पक्ष. एका आदिवासी जमीनदाराला, पक्षाच्या पाठबळाशिवाय, दिल्लीला धाडलं.

त्यांच्याकडे पैसा किंवा यंत्रणा नव्हती, माणसं होती. 1960 साली रायपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, पंडित नेहरू तिथे होते, तेव्हा लालश्याम शाह यांनी हजारो आदिवासी रायपुरात जमवले. प्रश्न जंगलाचे होते. जमीनदाऱ्या 1951 मध्ये गेल्या आणि रान वनखात्याकडे आलं. ज्या रानातून पिढ्यान्‌पिढ्या सरपण, बांबू, मोह आणला, त्याच रानात आता नाकेदाराला विचारून पाय टाकायचा. निस्ताराचे, म्हणजे घरच्या गरजेपुरतं रान वापरायचे, हक्क कागदावर राहिले, तोडीचे कूप मात्र ठेकेदाराला मिळाले. आदिवासींचं वेगळं गोंडवाना राज्य हवं, ही त्यांची मागणी याच अनुभवातून आली होती.

मग 1964 उजाडलं. पूर्व पाकिस्तानात दंगली झाल्या, निर्वासितांचे लोंढे आले आणि दंडकारण्यात त्यांची वसाहत वाढू लागली. आमच्या मुलचेरा-चामोर्शीकडची बंगाली गावं याच काळाची साक्ष. ती माणसं घरदार गमावून आली होती, त्यांचा दोष काहीच नव्हता. त्यांनी इथे कष्टाने शेती उभी केली. पण ज्या रानात त्यांना बसवलं, तिथल्या आदिवासींना कुणी विचारलं नव्हतं. हा प्रश्न घेऊन लालश्याम शाह यांनी खासदारकीचा राजीनामा दिला. मुदत पुरी व्हायला अजून तीन वर्षं होती. ज्या खुर्चीवर बसून आपल्या माणसांचं काही होत नाही, ती अडवून ठेवायची नाही, एवढा साधा हिशेब मला त्यात दिसतो.

चांद्याची अपक्षांची ओढ तिथे संपली नाही. 1967 मध्ये के. एम. कौशिक अपक्षच निवडून आले. 1977 मध्ये अहेरीचे राजे विश्वेश्वरराव खासदार झाले; त्यांची नाग विदर्भ आंदोलन समिती अहेरी-सिरोंचाकडे घरोघरी माहीत होती. त्यांचे पुत्र सत्यवानराव आमदार झाले. नातू अंबरीशराव 2014 मध्ये भाजपकडून निवडून आले आणि राज्यमंत्री झाले. घराणं टिकलं, समिती मात्र मोठ्या पक्षांच्या सावलीत विरत गेली. छोट्या पक्षांचं बहुधा असंच होतं.

महाराजांचं वेगळं झालं. पद सोडून वीस वर्षं उलटल्यावर त्यांच्या हातून मोठं काम घडलं. इंद्रावतीवर भोपालपटनम आणि गोदावरीवर इचमपल्ली अशी दोन धरणं घाटत होती. भामरागड-सिरोंचाकडची गावं आणि रान पाण्याखाली जाणार होतं. 1984 मध्ये 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उठलं. बाबा आमटे त्यात उतरले, त्यांनी इंदिरा गांधींना पत्र लिहिलं. गोंड-माडिया गावांना बोलावणारा आवाज लालश्याम शाह यांचा होता. ती दोन्ही धरणं झाली नाहीत.

त्या आंदोलनाने माणसं घडवली. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव त्यातूनच जागं झालं. 'मावा नाटे मावा राज', म्हणजे आमच्या गावात आम्हीच सरकार, ही घोषणा तिथे उभी राहिली. 2009 मध्ये त्या गावाला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती आला.

उन्हाळ्यात आमच्याकडे तेंदूच्या फडावर जाऊन पाहा. पहाटे तोडलेली पानं घरी आणून सगळं घर पुडे बांधायला बसतं. एका पुड्यात 70 पानं, 1000 पुड्यांची एक प्रमाण गोणी. दुपारी फडावर पुडे मोजून उन्हात पालथे मांडतात. 1969 च्या कायद्याने हा व्यापार सरकारने हाती घेतला होता आणि गावाच्या वाट्याला फक्त तोडाईची मजुरी उरली होती. आता कितीतरी ग्रामसभा स्वतः लिलाव करतात, बोनस स्वतः वाटतात. दर कमी आला तर ग्रामसभेत भांडण होतं, हिशेब मागितला जातो. महाराज ज्या हक्कासाठी झगडले, त्याचा एक तुकडा या फडावर रोज मोजला जातो.

लढाई मात्र सरलेली नाही. गोदावरीवर मेडीगड्ड्याचं धरण 2019 मध्ये झालं आणि सिरोंच्यातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखाली जाऊ लागल्या. नदीकाठच्या माणसाला आधी विचारायचं असतं, हे पुन्हा विसरलं गेलं.

म्हणून माझं मागणं नेमकं आहे. 1984 च्या सभांना चालत गेलेली माणसं आता थकली आहेत. गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाने गोंडी आणि माडिया जाणणारी पोरं गावोगाव पाठवून त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात, लोकसभेच्या दप्तरातली महाराजांची भाषणं मराठीत आणावीत आणि जिल्ह्याच्या शाळांना एक छोटं पुस्तक द्यावं. सातवीतल्या मुलाला कळलं पाहिजे, की आपल्या जिल्ह्याने एकदा असा खासदार निवडला होता, ज्याला खुर्चीपेक्षा रानातलं गाव मोठं वाटलं.