तंजावरचा पाद्री, हैदर अली आणि न उभी राहिलेली मंडळी



मिशनऱ्यांविषयी बोलायला लागले की आपल्याकडे दोन तयार उत्तरे समोर येतात. एक उत्तर असे की त्यांनी शाळा काढल्या, दुष्काळात अन्न दिले, म्हणून ते सेवाभावी. दुसरे असे की सेवा हे आमिष होते आणि खरा हेतू धर्मांतराचा. या टिपणात आपण ही दोन्ही उत्तरे थोडा वेळ बाजूला ठेवू आणि तंजावरचे एकच उदाहरण बारकाईने पाहू. प्रश्न असा आहे : अठराव्या शतकात तंजावर परिसरातील प्रॉटेस्टंट मिशनला मुसलमान समाजाचा आणि राज्यकर्त्यांचा विश्वास मिळाला, तरी त्या समाजात ख्रिस्ती मंडळी का उभी राहिली नाही? मंडळी म्हणजे नुसती इमारत नव्हे, तर एकत्र उपासना करणारा आणि टिकून राहणारा समूह, हा अर्थ लक्षात ठेवा.

१. पार्श्वभूमी

तंजावरच्या किनाऱ्यावरील तरंगमबाडी हे बंदर १६२० मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाने डॅनिश लोकांना दिले. पुढे नायकांचे राज्य गेले आणि १६७० च्या दशकात शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी तंजावरात भोसल्यांची गादी स्थापन केली. डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याने पाठवलेले त्सीगेनबाल्ग आणि प्ल्यूटशाउ हे दोन जर्मन मिशनरी ९ जुलै १७०६ रोजी तरंगमबाडीला उतरले, तेव्हा आसपासचा मुलूख या मराठी राजांच्या ताब्यात होता.

या मुलखात मुसलमान नवे नव्हते. तरंगमबाडीच्या दक्षिणेस, त्याच किनाऱ्यावर, नागोरला शाहुल हमीद यांचा दर्गा आहे. त्याच्या पाच मनोऱ्यांपैकी सर्वांत उंच मनोरा तंजावरच्या प्रतापसिंह भोसल्यांनी बांधवला. म्हणजे हिंदू राजा, त्याच्या आश्रयाचा दर्गा आणि त्याच किनाऱ्यावर परदेशी पाद्री, असे हे चित्र होते. धर्म वेगळे असले तरी एकमेकांच्या दारात जाण्याची रीत इथे मिशनरी येण्याआधीपासून होती.

२. कोणती भाषा शिकायची?

मिशनऱ्यांना मुसलमानांपर्यंत पोहोचायचे होते. जर्मनीतील हाले हे या मिशनचे बौद्धिक केंद्र. तेथे कालेनबर्ग याने १७२८ मध्ये ज्यू आणि मुसलमान यांच्यासाठी एक संस्था स्थापन केली व तिच्यासाठी छपाईची सोय केली. मद्रासमध्ये काम केलेला बेंजामिन शुल्त्से हालेला परतला आणि १७४५ मध्ये त्याचे हिंदुस्थानी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध झाले. नव्या कराराचे भाग हिंदुस्थानीत छापले गेले. याच शुल्त्सेकडे तमिळचे पहिले धडे घेऊन ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ हा तरुण १७५० मध्ये तरंगमबाडीला आला. पुढे तिरुचिरापल्लीत राहताना त्याने फारसी आणि हिंदुस्थानी शिकून घेतली, कारण तेथे अर्काटच्या नवाबाचे लोक व शिपाई होते. तंजावरात स्थायिक झाल्यावर तो मराठीही शिकला.

इथे थांबून एक गोष्ट पाहा. फारसी ही दरबाराची भाषा होती आणि हिंदुस्थानी छावणीची. पण किनाऱ्यावरचे मरक्कायर व्यापारी आणि लब्बै कुटुंबे तमिळ बोलत. त्यांची तमिळ अरबी लिपीतही लिहिली जाई. उमरु पुलवर याचे ‘सीरापुराणम’ हे पैगंबरांवरचे महाकाव्य तमिळमध्ये आहे. मुसलमान म्हणजे फारसी-हिंदुस्थानी बोलणारा, हे समीकरण हालेच्या छापखान्यात सोयीचे होते, नागोरच्या बाजारात नव्हते. मिशनऱ्यांना तमिळ उत्तम येत असे आणि मुसलमानांशी त्यांचे तमिळमध्ये वादसंवादही होत. पण मुसलमानांसाठी म्हणून जे खास साहित्य हालेत तयार झाले, ते वेगळ्या भाषेत होते.

३. हैदर अलीकडे पाद्री

१७७९ मध्ये मद्रासचा गव्हर्नर सर टॉमस रंबोल्ड याने श्वार्ट्झला श्रीरंगपट्टणला हैदर अलीकडे पाठवले. कंपनीला हैदरचा कल जाणून घ्यायचा होता. श्वार्ट्झच का? त्याला हिंदुस्थानी येत असल्याने दुभाष्या लागणार नव्हता, आणि तो लाच घेणार नाही याची सर्वांना खात्री होती. हैदरने त्याला आदराने वागवले, शेजारी बसवून घेतले आणि छावणीत उपासना घेण्यास आडकाठी केली नाही. निरोप देताना वाटखर्चासाठी ३०० रुपयांची थैली दिली. श्वार्ट्झने ती कंपनीच्या स्वाधीन केली. कंपनीने ती त्यालाच ठेवायला सांगितल्यावर त्याने ते पैसे तंजावरातील गरीब मुलांच्या शाळेसाठी लावले.

पुढच्याच वर्षी, १७८० मध्ये, हैदर आणि कंपनी यांच्यात युद्ध पेटले. हैदरच्या फौजांनी तंजावरचा मुलूख उद्ध्वस्त केला. लोक किल्ल्यात आश्रयाला आले आणि उपासमार सुरू झाली. धान्य गावोगावी होते, पण ते आणायला बैल मिळेनात, कारण सरकार मोबदला देईल यावर रयतेचा भरवसा उरला नव्हता. श्वार्ट्झने पैसे मिळतील असा स्वतःचा शब्द दिला, तेव्हा बैल आले, धान्य आले आणि त्याने लोकांचे पैसे चुकते केले. याच युद्धात या पाद्र्याला त्रास देऊ नये असे हैदरने आपल्या सरदारांना बजावल्याचे सांगितले जाते.

हा प्रसंग मिशनच्या चरित्रग्रंथांत गौरवाने येतो आणि तो गौरव खोटा नाही. पण त्याची दुसरी बाजूही तपासा. श्वार्ट्झवरचा विश्वास हे कंपनीच्या हातातले साधन झाले होते. पाद्री शांततेचा निरोप घेऊन गेला, पण ज्या वर्षी तो गेला त्याच वर्षी कंपनीने माहे घेतले होते, आणि ते बंदर हैदरच्या दृष्टीने त्याच्या संरक्षणाखाली होते. अशा वेळी ऐकणारा मुसलमान राज्यकर्ता त्या माणसावर विश्वास ठेवू शकतो. त्याच्या धर्माकडे मात्र तो कंपनीच्या धर्मासारखेच पाहणार.

४. मंडळी उभी राहिली ती कुठे?

याच काळातले दुसरे उदाहरण मराठी वाचकांना जवळचे वाटेल. कोकिळा नावाची तंजावरची मराठी ब्राह्मण विधवा एका इंग्रज अधिकाऱ्याच्या आश्रयाला राहिली होती. तिने बाप्तिस्मा मागितला. श्वार्ट्झने आधी नकार दिला. अधिकाऱ्याच्या मृत्यूनंतर, १७७८ मध्ये, त्याने पाळैयंकोट्टै येथे तिला बाप्तिस्मा दिला आणि तिचे नाव क्लोरिंडा झाले. तिने लोकांना शिकवले, शाळा चालवली आणि १७८५ मध्ये तेथे प्रार्थनामंदिर उभे केले. ते आजही ‘ब्राह्मण बाईचे देऊळ’ अशा अर्थाच्या तमिळ नावाने ओळखले जाते. १७९० मध्ये दीक्षा मिळालेल्या सत्यनाथन या तमिळ पाळकाने ते काम पुढे नेले. तिरुनेलवेलीची मोठी ख्रिस्ती मंडळी या बीजातून वाढली.

तुलना करा. श्रीरंगपट्टणात राजाचा कान मिळाला होता. पाळैयंकोट्टैत राजा नव्हता. समाजाने बाहेर टाकलेली एक बाई होती आणि तिच्या भोवती जमलेली साधी माणसे होती. तिला आधार हवा होता आणि इतरांना शिकवण्याचे काम तिने स्वतः अंगावर घेतले. मंडळी तिथे उभी राहिली.

राजाच्या बाबतीतही हाच धडा दिसतो. १७८७ मध्ये तुळजाजी राजे वारले, त्याआधी त्यांनी दत्तक पुत्र सरफोजी यांना श्वार्ट्झच्या देखरेखीखाली ठेवण्याची इच्छा व्यक्त केली. सरफोजींच्या जिवाला धोका वाटू लागल्यावर त्यांना मद्रासला नेऊन शिकवले गेले. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी श्वार्ट्झ तंजावरात वारला आणि त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले. त्यांनी शिल्पकार फ्लॅक्समन याच्याकडून आपल्या गुरूचे संगमरवरी स्मारक करवून घेतले. मरणशय्येवरच्या पाद्र्याच्या भेटीला आलेले राजे, असे त्यातले दृश्य आहे. सरफोजी अखेरपर्यंत हिंदूच राहिले. सरस्वती महालाचा संग्रह त्यांनी वाढवला, १८०६ मध्ये त्यांच्या छापखान्यातून मराठी ‘बालबोधमुक्तावली’ निघाली. शिष्याने गुरूकडून खूप घेतले, फक्त धर्म घेतला नाही.

५. मुसलमानांत मंडळी का नाही?

एकेकट्या मुसलमानाने बाप्तिस्मा घेणे निराळे आणि मंडळी उभी राहणे निराळे. तंजावर परिसरात मुसलमानांमधून स्वतंत्र मंडळी वाढली नाही. याची माझ्या मते चार कारणे आहेत.

पहिले, आठवण. १५३० च्या दशकात दक्षिण किनाऱ्यावरच्या परवर कोळ्यांनी सामुदायिक बाप्तिस्मा घेतला. मोती काढण्याच्या धंद्यात मुसलमान व्यापाऱ्यांशी त्यांचा झगडा चालू होता आणि त्यांना पोर्तुगिजांचे संरक्षण हवे होते. या किनाऱ्यावर ख्रिस्ती धर्म मुसलमान व्यापाऱ्यांच्या दृष्टीने प्रतिस्पर्ध्याचा धर्म म्हणून आला.

दुसरे, समाजाची बांधणी. विवाह, वारसा, व्यापारातली पत, मशीद आणि दर्गा हे सर्व एकाच विणीत होते. धर्म सोडणारा माणूस एकाच दिवशी घर, धंदा आणि कबरीची जागा गमावणार होता. मिशन त्याला यांतले किती परत देऊ शकत होते?

तिसरे, भाषेचा मुद्दा आपण वर पाहिला.

चौथे, आणि मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे : त्या समाजातूनच आलेला उपदेशक नव्हता. याची उलट बाजू उत्तर हिंदुस्थानात दिसते. हेन्री मार्टिनच्या सहवासात आलेले शेख सालिह १८११ मध्ये ख्रिस्ती झाले आणि अब्दुल मसीह या नावाने आग्र्यात काम करू लागले. ते औषधे देत, लोकांच्या भाषेत बोलत आणि ज्यांच्याशी बोलत त्यांच्यातलेच होते. तेथे छोटी का होईना, मंडळी जमली. श्वार्ट्झच्या हिंदुस्थानीत जे नव्हते ते अब्दुल मसीहांच्या बोलण्यात होते.

६. समारोप

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. आमच्या विद्यार्थ्यांना कोणत्याही यंत्राची कार्यक्षमता काढायची सवय असते : आत किती घातले, बाहेर किती आले. याच हिशोबाने श्वार्ट्झचे मुसलमानांमधले काम फसले असे म्हणावे लागेल. पण उपाशी माणसाला मिळालेले धान्य या हिशोबात कुठे बसते? १७८७ मध्ये कंपनीच्या संचालकांनी तंजावर भागातील इंग्रजी शाळांसाठी प्रत्येकी दरसाल २५० पॅगोडा मंजूर केले. तेथे शिकलेली बहुतेक मुले हिंदूच राहिली. ते शिक्षणही फुकट गेले का?

सेवा आमिष होती की निखळ होती, हे ठरवण्याआधी पुरावा पाहा. ज्याला सेवा मिळाली त्याने धर्म बदलला नाही, तेव्हा सेवा थांबली का? तंजावरात ती थांबली नाही. आणि सेवा करणाऱ्याच्या चांगुलपणाचा उपयोग सत्तेने करून घेतला का? तंजावरात घेतला. ही दोन्ही उत्तरे एकाच माणसाबद्दल खरी आहेत. त्यांतले एक गाळले तर इतिहास सोपा होईल, पण खरा राहणार नाही.

विचारासाठी प्रश्न

१. राज्यकर्त्याचा विश्वास आणि समाजाने केलेला स्वीकार यांतला फरक हैदर अली व सरफोजी यांच्या उदाहरणांतून स्पष्ट करा.

२. क्लोरिंडा आणि अब्दुल मसीह यांच्या कार्यात कोणते साम्य दिसते?

३. तुमच्या जिल्ह्यातील एखादी जुनी मिशन शाळा किंवा दवाखाना घ्या. तेथे कोणत्या भाषेत काम चालले, खर्च कोणी दिला आणि संस्थापक गेल्यावर काम कोणी चालवले, हे तेथील वयस्कर लोकांना विचारून लिहा.