तालमीत काय सापडतं, काय निसटतं

आजचा आपला प्रश्न साधा आहे. जे अजून उभंच राहिलेलं नाही, ते नीट चालेल की नाही हे आधी कसं कळणार? स्वयंचलित गोदामात हजारो खोकी, सरकते पट्टे, क्रेन आणि फाटे असतात. नकाशावर सगळं सुरळीत दिसतं, पण नकाशात गर्दी दिसत नाही.

ही गर्दी आधीच मोजायची युक्ती १९५० च्या दशकाअखेरीस आकाराला आली. इंग्लंडच्या युनायटेड स्टीलमध्ये के. डी. टोकर यांनी कारखान्याची नक्कल संगणकावर चालवणारा प्रोग्राम लिहिला. १९६१ मध्ये आयबीएमच्या जेफ्री गॉर्डन यांची जीपीएसएस ही भाषा आली. अशा नकलेतलं घड्याळ एका घटनेवरून थेट पुढच्या घटनेवर उडी मारतं, त्यामुळे महिन्याचं काम थोडक्या वेळात पाहता येतं. हे झालं सिम्युलेशन.

एम्युलेशन वेगळं. त्यात यंत्रं खोटी असतात, पण त्यांना हुकूम देणारं सॉफ्टवेअर खरं असतं, उद्या गोदाम चालवणार तेच. म्हणजे नट खरे आणि नेपथ्य कागदाचं, अशी तालीम.

गोदामातली फजिती सहसा कुंपणाआड राहते. विमानतळाची राहत नाही, आणि तिथली सामानयंत्रणा म्हणजे धावतं गोदामच! म्हणून आपण डेन्व्हरकडे पाहू. तो विमानतळ ऑक्टोबर १९९३ मध्ये उघडायचा होता, उघडला २८ फेब्रुवारी १९९५ ला. रुळांवरून धावणाऱ्या हजारो गाड्या प्रत्येक बॅग पोचवणार होत्या. अडचण भरलेल्या गाड्यांइतकीच रिकाम्या गाड्यांचीही होती. एका ठिकाणी गर्दी झाली की रिकाम्या गाड्या तिकडेच खेचल्या जात आणि पुढच्या ठिकाणी बॅगा ताटकळत. १९९४ साली पत्रकारांसमोर चाचणी घेतली, तेव्हा कपडे रुळांखाली विखुरले. म्युनिकमध्ये अशीच, पण साधी यंत्रणा उघडण्याआधी सहा महिने रात्रंदिवस चालवून पाहिली होती. डेन्व्हरला तेवढी उसंत ठेवलीच नव्हती. शेवटी शहराने बराचसा भार नेहमीच्या ट्रॅक्टर-गाड्यांवर टाकला, आणि उरलेली यंत्रणा २००५ मध्ये बंद झाली.

मग तालीम केली की झालं? नाही. २७ मार्च २००८ ला हीथ्रोचं टर्मिनल ५ उघडलं. त्याआधी चाचण्या झाल्या होत्या. चाचणीतले खोटे निरोप बाहेरच्या चालू यंत्रणांपर्यंत जाऊ नयेत म्हणून एक गाळणी बसवली होती. उद्घाटनानंतरही ती तशीच राहिली आणि खरे निरोपही अडले, असं ब्रिटिश एअरवेजने संसदीय समितीला सांगितलं. इतरही कारणं होतीच: कर्मचाऱ्यांना गाडी लावायला जागा मिळेना, संगणकात प्रवेश होईना. पहिल्या काही दिवसांत शेकडो उड्डाणं रद्द झाली.

या दोन गोष्टी आपण शेजारी ठेवू या. डेन्व्हरला तालमीसाठी वेळ नव्हता. हीथ्रोला तालमीचं सामान रंगमंचावरून उचलायचं राहून गेलं. म्हणून सिम्युलेशनचा सुबक आलेख कुणी समोर ठेवला, तर आपण दोन प्रश्न विचारायचे. रिकामी गाडी कुठे आहे? आणि तालीम संपल्यावर गाळणी कोण काढणार? दोन्हींना उत्तर नसेल, तर उद्घाटनाची तारीख अजून ठरलेली नाही असंच समजावं, मग निमंत्रणपत्रिका छापून झाल्या असल्या तरी.