बट्टा : हुंडीपासून कार्डापर्यंत

एखाद्याच्या नावाला बट्टा लागला असे आपण सहज म्हणतो. हा शब्द सराफकट्ट्यावरही तितकाच रुळलेला होता. परमुलखातील अथवा झिजलेले नाणे घेऊन चालू नाणे देताना सराफ जी कसर कापून घेई, तीही बट्टाच. परदेशी निघालेल्या आजच्या प्रवाशाचा खिसा हलका करणारी कसर त्याच कुळातील आहे.

पूर्वी काशीस निघालेला यात्रेकरू रोकड बरोबर नेण्यास भीत असे. तो गावच्या सावकाराकडे रुपये भरी व काशीच्या पेढीवर हुंडी घेई. या सोयीची किंमत म्हणजे हुंडणावळ. द्वारकेच्या यात्रेकरूंना नरसी मेहत्याने शामळशा शेठवर हुंडी लिहून दिल्याची आख्यायिका बडोद्याच्या श्रोत्यांस सांगावयास नकोच. हुंडीचे प्रकार पुष्कळ. त्यांतील शहाजोग हुंडीचे पैसे पतदार सावकाराच्याच हाती पडावयाचे. त्या बिचाऱ्या शब्दाची आज आपण काय अवस्था केली आहे पाहा!

बट्टा मात्र परदेशी जाणाऱ्यासच पडे असे नाही. कंपनी सरकारने १८३५ साली आपल्या मुलखासाठी एकच रुपया ठरविला, तरी संस्थानांच्या टांकसाळी चालूच राहिल्या. हैदराबाद संस्थानात शंभर कलदार रुपयांस ११६ रुपये १० आणे ८ पै हाली पडत, म्हणजे सहास सात. मराठवाड्यातून सोलापुरास येणाऱ्यास हा हिशेब तोंडपाठ असे. हाली सिक्का १९५९ साली व्यवहारातून गेला. गोव्यात १९५८ च्या निर्णयाने रुपियाच्या जागी, एकास सहा या दराने, एस्कुदो आला. १९६१ च्या मुक्तीनंतर तोही गेला.

युरोपात लंडनच्या रॉबर्ट हेरीज यांच्या पेढीने १७७२ मध्ये प्रवाशांसाठी अनेक शहरांत वटणाऱ्या चिठ्ठ्या काढल्या. पुढे अमेरिकन एक्सप्रेसचे अध्यक्ष फार्गो युरोपात फिरत असता त्यांची पतपत्रे मोठ्या शहरांबाहेर वटेनात. त्या त्राग्यातून १८९१ मध्ये प्रवासी धनादेश निघाला. १९५० मध्ये डायनर्स क्लबचे कार्ड आले आणि कागदाची जागा पुठ्ठ्याने, नंतर प्लास्टिकने घेतली.

कार्ड आले, बट्टा राहिला. फक्त तो दिसेनासा झाला. सराफ निदान तोंडावर सांगे! परदेशी खर्चावर आपल्याकडील अनेक बँका साडेतीन टक्क्यांपर्यंत आकार घेतात व त्या आकारावर १८ टक्के वस्तू व सेवा कर बसतो. लाख रुपयांच्या खर्चास ३,५०० आणि ६३० मिळून ४,१३० रुपये गेले. मुलाच्या शिक्षणासाठी परदेशी पैसे खर्चणाऱ्या घरास ही रक्कम लहान नव्हे. हा आकार मुळीच न घेणारी कार्डेही मिळतात; म्हणून निघण्यापूर्वी बँकेचे दरपत्रक वाचावे. आगाऊ परकीय चलन भरलेल्या कार्डात दर आधीच निश्चित होतो, परंतु भरल्याहून निराळ्या चलनात खर्च केल्यास तेथेही कसर लागते. उधारीच्या कार्डावर रोख रक्कम काढू नये. त्यावर बहुधा पहिल्या दिवसापासून व्याज चढते.

आणखी एक. पॅरिसच्या दुकानातील यंत्र कधी कधी आपुलकीने विचारते, रुपयांत देता की युरोत? रुपये म्हटले की दर ठरविण्याचा अधिकार दुकानदाराच्या बाजूस जातो, तो बहुधा महाग पडतो, आणि काही बँका त्यावर आपलाही आकार लावतात. तेथे युरो म्हणावे.