न धुतलेला रोल : कोडाक्रोम आणि रंगांचे वाचन

फिल्मच्या रोलसंबंधी मराठीत एक क्रियापद रूढ होते : 'धुणे'. रोल संपला की तो धुवायला टाकायचा आणि आठवड्याने फोटो आणायला जायचे, ही भाषा आपल्यापैकी अनेकांनी ऐकली आहे. या क्रियापदात एक गृहीतक दडलेले आहे. मळ निघून गेल्यावर कापडाची नक्षी जशी उजळून दिसते, तसे चित्र फिल्ममध्ये आधीपासूनच असते. धुणाऱ्याने केवळ वरचे आवरण दूर करावयाचे असते. कृष्णधवल फिल्मपुरते हे काही अंशी चालून जाते. परंतु विसाव्या शतकातील एका नामांकित रंगीत फिल्मच्या बाबतीत ते साफ चुकीचे ठरते. ती फिल्म म्हणजे ईस्टमन कोडॅक कंपनीची कोडाक्रोम. तिचा इतिहास आम्ही येथे मांडीत आहोत, कारण साहित्याचे अभ्यासक ज्या प्रश्नापाशी वारंवार येऊन थांबतात तोच प्रश्न या इतिहासातही उभा आहे : अर्थ संहितेत असतो, की वाचनात?

कोडाक्रोमचे जनक दोघे संगीतकार होते, ही बाब प्रथमदर्शनी विस्मयकारक वाटते. लिओपोल्ड मॅनेस पियानोवादक, तर लिओपोल्ड गोडोव्स्की व्हायोलिनवादक. शाळकरी वयापासून दोघांना रंगीत छायाचित्रणाच्या प्रयोगांचे वेड होते. १९३० साली कोडॅकने त्यांना रॉचेस्टर येथील संशोधनशाळेत घेतले. अंधाऱ्या खोलीत घड्याळ दिसत नसल्याने ब्राम्सच्या सिंफनीची लय गुणगुणत ते रसायनांच्या वेळा मोजीत, असे सांगितले जाते. १९३५ साली कोडाक्रोम बाजारात आली ती प्रथम १६ मिलिमीटरची चलच्चित्रफिल्म म्हणून. पुढच्याच वर्षी ती ८ मिलिमीटरच्या हौशी कॅमेऱ्यांसाठी आणि ३५ मिलिमीटरच्या स्थिरचित्रांसाठीही मिळू लागली.

या फिल्मचे वैशिष्ट्य समजून घेण्यासाठी थोडा तांत्रिक तपशील आवश्यक आहे. कोडाक्रोममध्ये एकावर एक असे तीन प्रमुख थर असतात : एक निळ्या प्रकाशाची, दुसरा हिरव्या प्रकाशाची आणि तिसरा तांबड्या प्रकाशाची नोंद घेणारा. पण हे तीनही थर मुळात चांदीच्या क्षारांचे, म्हणजे कृष्णधवलच. रंगद्रव्य घडवणारे जे घटक, ज्यांना रसायनशास्त्रात 'कपलर' म्हणतात, ते या फिल्ममध्ये नसतातच. ते प्रयोगशाळेतील द्रावणांत असतात. प्रथम एका द्रावणात तीनही थरांत चांदीची उलटी प्रतिमा उमटवली जाते. मग फिल्मच्या पाठीमागून तांबडा प्रकाश टाकून तळचा थर जागा केला जातो आणि त्यात सायन, म्हणजे हिरवट निळा रंग घडवला जातो. नंतर पुढून निळा प्रकाश टाकून वरच्या थरात पिवळा रंग, आणि शेवटी रसायनाच्या साहाय्याने मधल्या थरात किरमिजी रंग. अखेरीस सर्व चांदी काढून टाकली की उरतात ते केवळ रंग. म्हणजे फिल्म सांगते ती 'येथे तांबडा प्रकाश पडला होता' एवढीच गोष्ट. तांबडा रंग मात्र तिच्याजवळ नसतो.

या एकाच वैशिष्ट्यातून दोन परस्परविरुद्ध परिणाम निघाले, आणि आमच्या मते कोडाक्रोमच्या इतिहासाचे मर्म येथेच आहे.

पहिला परिणाम दीर्घायुष्याचा. १९३६ची आगफाकलर किंवा १९४०च्या दशकातील एक्टाक्रोम यांसारख्या फिल्ममध्ये कपलर थरांतच मिसळलेले असत. त्यामुळे त्या धुणे तुलनेने सोपे होते. परंतु न वापरले गेलेले कपलर फिल्ममध्येच राहत आणि कालांतराने रंग बिघडण्यास कारण होत. कोडाक्रोममध्ये असा शेष उरत नसे. आरंभीच्या काही वर्षांतील चित्रांचे रंग उडाले हे खरे; पण १९३८ साली धुण्याची प्रक्रिया सुधारल्यानंतरची कोडाक्रोम अंधारात नीट ठेवलेली असेल, तर अनेक दशकांनंतरही ताजी दिसते. प्रोजेक्टरच्या प्रखर उजेडात मात्र ती इतकी टिकाऊ नव्हती.

दुसरा परिणाम परावलंबनाचा. इतकी गुंतागुंतीची प्रक्रिया घरी किंवा गल्लीतल्या स्टुडिओत करणे अशक्यप्राय होते. कित्येक वर्षे अमेरिकेत फिल्मच्या किमतीतच धुण्याचा खर्च धरलेला असे; चित्रण झाले की रोल कोडॅककडे पाठवावयाचा. मक्तेदारीविरोधी कारवाईनंतर १९५४ साली कंपनीला ही सांगड सोडावी लागली आणि इतरांनाही परवाने मिळू लागले. तथापि यंत्रे, रसायने व ती सतत तपासणारे तज्ज्ञ हा पसारा मोजक्याच ठिकाणी उभा राहू शकला. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस येथे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हत्येचे सुमारे २६ सेकंदांचे जे चित्रण एब्राहम झप्रूडर यांच्या कॅमेऱ्यात झाले, ते ८ मिलिमीटरच्या कोडाक्रोम दोनवर होते. ते त्याच दिवशी पाहता आले, कारण कोडॅकची प्रयोगशाळा त्याच शहरात होती. साक्ष फिल्मने नोंदवली. ती बोलती केली प्रयोगशाळेने.

प्रक्रियाही स्थिर नव्हती. १९७४पासून 'के-१४' ही नवी प्रक्रिया आली आणि आधीच्या 'के-१२'साठी बनलेले रोल तिच्यात चालेनासे झाले. म्हणजे कोडाक्रोम बाजारात सुखेनैव विकली जात असतानाच तिच्या जुन्या पिढीचे न धुतलेले रोल पोरके होऊ लागले होते. पुढे व्हिडिओ आणि डिजिटल कॅमेरे आले. २००५ साली सुपर-८ची कोडाक्रोम बंद करण्याची घोषणा झाली. जून २००९मध्ये कोडॅकने उरलेल्या कोडाक्रोमचाही निरोप जाहीर केला. निर्मितीतील अखेरचा ३६ चित्रांचा रोल छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरी यांना देण्यात आला. न्यूयॉर्क, मुंबई, राजस्थान असा प्रवास करून तो रोल २०१० साली कॅन्सास राज्यातील पार्सन्स या लहानशा गावी पोहोचला. के-१४ प्रक्रिया करणारी जगातील अखेरची प्रयोगशाळा, ड्वेन्स फोटो, तेथे होती. ३० डिसेंबर २०१० हा तेथे रोल स्वीकारण्याचा शेवटचा दिवस. त्या आठवड्यांत दूरदूरहून माणसे आली. एका रेल्वे कामगाराने तर आगगाड्यांच्या छायाचित्रांचे पंधराशेहून अधिक रोल धुऊन नेले. नंतर रसायने संपली, यंत्र थांबले.

ज्यांना ही वार्ता पोहोचली नाही त्यांचे काय? माळ्यावरच्या पेटीत, दिवंगत आजोबांच्या कॅमेऱ्यात असे रोल आजही सापडतात. ते धुता येतात, पण कृष्णधवल फिल्म म्हणून. त्यासाठी फिल्मच्या पाठीवरचा काळा काजळीचा लेप सोड्याच्या द्रावणात मऊ करून पुसून काढावा लागतो. उष्णतेने व काळाने फिल्मवर चढलेले धुके आटोक्यात ठेवणारे विकसनद्रव्य निवडावे लागते, आणि आधी एक छोटा तुकडा धुऊन पाहणे शहाणपणाचे ठरते. थरांमधील पिवळ्या गाळणीची सूक्ष्म चांदी मागे राहिल्याने चित्रावर तपकिरी छटा येते. तीनही थरांची नोंद एकमेकींवर पडून एकच करडे चित्र होते. त्यातून रंग पुन्हा वेगळे काढता येत नाहीत. जुन्या एक्टाक्रोमची स्थिती याहून निराळी आहे. तिचे थर आजच्या ३८ अंश सेल्सिअसच्या द्रावणात सुटून येण्याची भीती असते आणि रंगही विचित्र येतात. पण कपलर तिच्या अंगातच असल्याने रंगांचा निदान प्रयत्न करता येतो. टिकाऊपणात जी उणी होती, ती या कसोटीला अधिक उतरते.

येथे आम्हांस मोडीची आठवण होते. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तराचे रुमाल शाबूत आहेत. वाचणारे थोडे आहेत. साधन जपणे आणि वाचनाची परंपरा जपणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे त्या रुमालांनी आपल्याला शिकवले आहे. परंतु हे साम्य फार ताणता येत नाही. मोडी कागद शंभर वेळा वाचता येतो, चुकीचे वाचन पुढचा अभ्यासक दुरुस्त करतो. न धुतलेला रोल एकदाच वाचता येतो आणि ते वाचनच त्याचे अंतिम रूप ठरवते. शिवाय कागद थांबून राहतो. फिल्ममधील सुप्त प्रतिमा, म्हणजे प्रकाशाने घडवलेले चांदीच्या मोजक्या अणूंचे पुंजके, वर्षागणिक क्षीण होत जाते.

म्हणून असा रोल हाती असणाऱ्यापुढे खरा पेच उभा राहतो. के-१४चे तत्त्व गुप्त नाही, आणि काही हौशी प्रयोगशीलांनी हाताने ती प्रक्रिया जुळवून रंग उमटवण्याचे प्रयत्न केलेही आहेत. तेव्हा कधीतरी रंग मिळतील या आशेवर थांबावे, की रंगांवर पाणी सोडून आजच चेहरे वाचवावेत? आमचे मत दुसऱ्या पर्यायाकडे झुकते. आजीच्या लुगड्याचा रंग गेला तरी आजीचा चेहरा राहतो. थांबून राहिल्यास दोन्ही जाण्याचा संभव अधिक. मात्र हा निर्णय घेताना आपण काय गमावीत आहोत याची नोंद त्या डबीवर करून ठेवणे अगत्याचे आहे : मूळ फिल्म कोणती, कधी धुतली, कशात धुतली. पाठ ठरवताना आपण जो विवेक पाळतो, तोच येथेही पाळावयाचा.

अर्थ संहितेत असतो की वाचनात, या प्रश्नाचे कोडाक्रोमपुरते उत्तर असे देता येईल : नोंद फिल्ममध्ये होती, रंग वाचनात होता. नोंद जपणारी माणसे घरोघर निघाली. वाचन मात्र एका गावातल्या एका यंत्रावर येऊन ठेपले होते.